शहरजादची अभ्यासक सुहैर अल-कलमावी, आणि 'अभ्यास की खुर्ची' हा जुना प्रश्न

वेदवती
गौरी देशपांडे यांनी मराठीत आणलेल्या अरेबियन नाइट्सचे सोळा खंड आमच्या कॉलेजच्या ग्रंथालयात आहेत. दिवाळीच्या सुट्टीत पहिला घरी आणला, आता सहावा चालू आहे. वाचता वाचता डोक्यात आलं की हे आपण रिचर्ड बर्टन या अनुवादकाच्या इंग्रजीवरून वाचतोय, पण खुद्द अरबी जगात या गोष्टींचा अभ्यास कुणी केला? शोधत गेले आणि एका बाईपाशी येऊन थांबले.

सुहैर अल-कलमावी. जन्म कैरो, १९११. वडील डॉक्टर, घरात भरपूर पुस्तकं. हिलाही डॉक्टर व्हायचं होतं, पण विज्ञान शाखेने मुलगी म्हणून दार उघडलं नाही. तेव्हा ताहा हुसैन यांनी तिला अरबी साहित्याकडे वळवलं. लहानपणीच दृष्टी गेलेला, खेड्यातून आलेला हा माणूस तोवर इजिप्तमधला सगळ्यात गाजलेला लेखक-प्राध्यापक झाला होता. वर्गात चौदा मुलगे आणि ही एकटी. १९४१ साली तिने आजच्या कैरो विद्यापीठातून डॉक्टरेट घेतली, विषय 'अल्फ लैला व लैला', म्हणजे हजार रात्री आणि एक रात्र, शहरजाद राजाला रोज रात्री सांगते त्या याच गोष्टी. पुढे १९५८ ते १९६७ अरबी विभागाच्या प्रमुख. १९६७ पासून चार वर्षं सरकारी ग्रंथप्रकाशन संस्थेच्या प्रमुख, आणि त्या काळात १९६९ मध्ये कैरो आंतरराष्ट्रीय पुस्तक मेळा सुरू केला. १९७९ ते १९८४ संसदेत.

आता माझा प्रश्न. एवढी तयारीची अभ्यासक इतकी वर्षं समित्या, खाती, संसद यांत राहिली, तर अभ्यासाचं काय झालं? की ते सगळं अभ्यासाचंच पुढचं पाऊल होतं? विचारायचं कारण खाजगीही आहे. मी मराठी शिकवते, लोकगीतांवरचं माझं काम अर्धं पडलंय, आणि मला प्रभारी प्राचार्यपद घ्या म्हणतायत. "बाई असल्या की कॉलेज नीट राहतं" असं एक ज्येष्ठ सहकारी म्हणाले. ते वाक्य गिळताच येईना. तुम्हाला काय वाटतं?

चौकस
रुमाल टाकून ठेवतो. रात्री सविस्तर लिहीन.

अक्का_मिरजकर
वेदवती, फार छान विषय काढलास ग. आमच्या घरी आजोबांची एक जाडजूड पोथीसारखी प्रत होती, 'अरबी भाषेतील सुरस व चमत्कारिक गोष्टी'. कृष्णशास्त्री चिपळूणकरांनी सुरू केलेली आणि विष्णुशास्त्र्यांनी पुरी केलेली. मुलींनी ती वाचायची नाही असा दंडक. म्हणून आम्ही तिघी बहिणी दुपारी माळ्यावर बसून वाचत असू. एक वाची, दोघी ऐकत, आणि खालून कुणाची चाहूल लागली की पुस्तक गव्हाच्या पोत्यामागे.

कॉलेजबद्दल नंतर बोलते. आधी सांग, नावाचा उच्चार सुहैर की सोहेर?

वेदवती
सुहैर, अक्का. इजिप्तमध्ये बोलताना 'सुहेर' होतं म्हणे. पोत्यामागचं पुस्तक फारच आवडलं!

मुसाफिर
मी सध्या मस्कतला, पण त्याआधी कामानिमित्त अडीच वर्षं कैरोत होतो. तो पुस्तक मेळा दोनदा पाहिलाय, म्हणून लिहितो.

जानेवारीच्या शेवटी भरतो. कैरोची थंडी आपल्या पुण्याच्या डिसेंबरसारखी, अंगावर एक स्वेटर पुरे. हल्ली शहराबाहेर नव्या वसाहतीतल्या प्रदर्शन केंद्रात असतो, पण पहिला मेळा नाईलमधल्या गझिरा बेटावर भरला होता, जिथे आज ऑपेरा हाऊस आहे. १९६९ हे सालही सहज निवडलेलं नाही. कैरो वसलं ९६९ मध्ये, त्याला हजार वर्षं होत होती.

मी पहिल्यांदा गेलो तेव्हा वाटलं होतं दालनं असतील, चर्चासत्रं असतील, चष्मेवाले लोक असतील. ते सगळं होतंच. पण त्यापेक्षा कितीतरी जास्त होती कुटुंबं. डब्यातून जेवण आणलेलं, सतरंजी पसरलेली, आज्या, काखेत पोरं. मुलींचे घोळकेच्या घोळके, कुणाच्या डोक्यावर हिजाब, कुणाच्या नाही, आणि सगळ्यांच्या हातात पिशव्या. माझ्याबरोबर आमच्या ऑफिसचा ड्रायव्हर आला होता. त्याने धाकट्या मुलीसाठी गोष्टीची चार पुस्तकं घेतली आणि किमतीवरून दुकानदाराशी आपल्या मंडईत घालावी तशी हुज्जत घातली. मला म्हणाला, "ही वर्षाची एकच खरेदी असते, पण ही चुकत नाही."

आणि हे सगळं एका बाईने सुरू केलं, हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं! २०१९ मध्ये मेळ्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा सन्मानमूर्ती म्हणून त्यांचं नाव लावलं गेलं, सर्वत उकाशा यांच्याबरोबर. उकाशा त्या काळचे संस्कृतिमंत्री.

वेदवतीताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मला त्या सतरंज्यांमध्ये दिसतं. आजीच्या तोंडच्या गोष्टींवर प्रबंध लिहिणारी बाई पुस्तकांची जत्रा भरवते, तेव्हा ती अभ्यास सोडून कुठे जाते?

टिपकागद
मुसाफिर, वर्णन सुंदर. पण मला इथे थांबवायचंय सगळ्यांना. सुहैरबाईंना पदं मिळाली, कारण त्या सरकारला चालत होत्या. त्याच पिढीतल्या दुसऱ्या विदुषीचं काय झालं ते बघा.

दोरिया शफीक. जन्म १९०८. पॅरिसच्या सोरबोनमधून १९४० ची डॉक्टरेट. कैरोला परतल्यावर विद्यापीठाने शिकवायला घेतलं नाही. तिने 'बिन्त अन-नील' म्हणजे 'नाईलकन्या' हे मासिक काढलं. १९ फेब्रुवारी १९५१ ला सुमारे दीड हजार बायका घेऊन ती थेट संसदेत घुसली, मतदानाचा हक्क मागायला. १९५४ मध्ये घटना लिहिणाऱ्या समितीत एकही बाई नाही म्हणून पत्रकारांच्या संघटनेच्या इमारतीत आठ दिवस उपोषण. १९५६ च्या घटनेने मत दिलं, पण कसं? पुरुषांची नावनोंदणी सक्तीची, आणि बाईला मत हवं असेल तर तिने अर्ज करायचा.

मग फेब्रुवारी १९५७. ती कैरोतल्या भारतीय वकिलातीत शिरली आणि राष्ट्राध्यक्ष नासरच्या हुकूमशाहीविरुद्ध उपोषणाला बसली. हो, आपल्या वकिलातीत. त्यानंतर घरात नजरकैद, मासिक बंद, वर्तमानपत्रांतून नाव पुसलेलं. अठरा वर्षं तशीच काढून १९७५ मध्ये सहाव्या मजल्यावरच्या घरातून पडून ती गेली.

दोरिया नजरकैदेत गेली १९५७ ला आणि सुहैरबाई विभागप्रमुख झाल्या १९५८ ला. मला हे शेजारी शेजारी ठेवल्याशिवाय राहवत नाही.

पन्हाळा
टिपकागद, वकिलातीचं माहीतच नव्हतं. वाचून अंगावर काटा आला.

वेदवती
टिपकागद, पटतंय आणि टोचतंयही. पण एका बाईला झालेली शिक्षा दुसरीच्या नावावर मांडायची का? सुहैरना विभागप्रमुखपद मिळालं तेव्हा त्या विद्यापीठात बावीस वर्षं शिकवत होत्या.

टिपकागद
नावावर मांडत नाहीये. एवढंच म्हणतोय की 'सार्वजनिक भूमिका' म्हटलं की आपल्याला फक्त खुर्ची दिसते. संसदेच्या दारावर धडका देणं हीही सार्वजनिक भूमिकाच, आणि तिला मानधन नसतं.

गोदाकाठ
थोडं मागे जाते, कारण सुहैर वर्गात एकटीच का होती हे कळायला हवं.

इजिप्तचं विद्यापीठ सुरू झालं १९०८ ला, लोकवर्गणीतून. पुढे फातिमा नावाच्या राजकन्येने त्याला जमीन दिली आणि इमारतीसाठी स्वतःचे दागिने दिले. म्हणजे पाया बाईच्या सोन्यावर, आणि आत मुलींना प्रवेश नाही. १९०९ पासून काही काळ शुक्रवारी बायकांसाठी वेगळी व्याख्यानं होत. सुट्टीचा दिवस, पुरुष इमारतीत नसत. लेखिका मलक हिफ्नी नासिफ तिथे बोलल्या, नबविय्या मूसा बोलल्या. विरोध इतका झाला की १९१२ मध्ये ती बंद पडली.

नबविय्या मूसांची गोष्ट तर मी माझ्या दहावीच्या मुलींना दर वर्षी सांगते. शाळेत शिकवत होत्या. त्यांना पुरुष शिक्षकांच्या निम्मा पगार. का, तर म्हणे पुरुषांकडे माध्यमिक परीक्षेचं प्रमाणपत्र आहे. मग मीही देते परीक्षा, म्हणाल्या. मुलींसाठी त्या परीक्षेची शाळाच नव्हती, घरी अभ्यास केला. शिक्षण खात्यातल्या ब्रिटिश सल्लागाराने मोडता घातला, तरी १९०७ मध्ये बसल्या आणि पास झाल्या. त्यानंतर इंग्रजांनी पुन्हा कुठल्या मुलीला बसू दिलं नाही. पुढच्या मुली पास झाल्या १९२८ ला. एकवीस वर्षं!

सुहैर त्या १९२८-२९ च्या लाटेतली. विद्यापीठाचे प्रमुख अहमद लुत्फी अस-सय्यिद यांनी गाजावाजा न करता मुलींना आत घेतलं. ताहा हुसैन पाठीशी होतेच. त्यामुळे ही बाई पुढे 'सरकारी' झाली की नाही हा वाद नंतर करू, पण आधी ती जिथे बसली तो बाक किती महाग होता ते पाहू या.

अक्का_मिरजकर
गोदाकाठ, टाळ्या! दागिन्यांचं वाचून माझ्या आईची आठवण आली. धाकट्या बहिणीच्या बी.एड.साठी पाटल्या मोडल्या होत्या तिने.

सुलभा_नागपूर
अवांतर होतंय, पण राहवत नाही. आमच्या नागपूरच्या कुसुमावती देशपांडे १९६१ मध्ये ग्वाल्हेरला साहित्य संमेलनाच्या अध्यक्ष झाल्या, त्या पहिल्या स्त्री अध्यक्ष. मराठी साहित्य संमेलन सुरू होऊन तोवर ऐंशीहून अधिक वर्षं झाली होती. कैरोत सुहैरबाई अरबी विभागाच्या प्रमुख झाल्याला तेव्हा तीन वर्षं झाली होती! आपण उगाच समजतो की तिकडे सगळं मागे आणि इकडे सगळं पुढे.

आणि टिपकागद, तुमच्या मुद्द्याला आपल्याकडची बाजू म्हणजे दुर्गाबाई. १९७५, कऱ्हाड, आणीबाणी चालू, स्वागताध्यक्ष यशवंतराव चव्हाण, आणि अध्यक्षपदावरून दुर्गाबाईंनी जयप्रकाशांच्या प्रकृतीसाठी प्रार्थना करायला लावली. पुढे तुरुंग. लोककथांची अभ्यासक ना त्याही? अध्यक्षपदाची खुर्ची त्यांनाही मिळाली होती, त्यांनी तिचं काय केलं बघा.

टिपकागद
सुलभाताई, हेच. हेच म्हणायचं होतं मला, इतकं नेमकं जमलं नाही.

निशा_वाचतेय
मी गेली तीन वर्षं अरबी शिकतेय, म्हणून भाषेच्या बाजूने थोडं.

आपल्याला वाटतं अल्फ लैला म्हणजे अरबी साहित्याचा मुकुटमणी. अरबी पंडितांना तसं कधीच वाटलं नाही. दहाव्या शतकात इब्न अन-नदीमने ग्रंथांची मोठी सूची केली, त्यात मूळ फारसी 'हजार अफसाना'चा उल्लेख आहे आणि शेरा असा की पुस्तक अगदीच बेचव. भाषा अर्धी बोलीतली, व्याकरण ढिलं, कर्ता अज्ञात, विषय बायकांचे आणि बाजाराचे. कवितेला मान, गोष्टीला नाही. छापील अरबी आवृत्ती पहिल्यांदा निघाली तीही कैरोत नाही, आपल्या कलकत्त्यात, १८१४ ते १८१८ च्या दरम्यान, फोर्ट विल्यम कॉलेजात अरबी शिकणाऱ्या साहेबांसाठी. कैरोतल्या बुलाक छापखान्याची प्रत १८३५ ची.

तेव्हा १९३० च्या दशकात एका तरुण मुलीने विद्यापीठात उभं राहून म्हणायचं की मला याच पुस्तकावर प्रबंध लिहायचाय, आणि त्यात अद्भुत काय, प्राणी काय, समाजजीवन काय, स्त्री काय, असा एकेक धागा सोडवायचाय! कुराणावर, जुन्या कवितेवर लिहिलं असतं तर कुणी बोट ठेवलं नसतं. त्याआधी एम.ए.ला तिने उमय्या खलिफांच्या काळातल्या खारिजी या बंडखोर पंथाच्या साहित्यावर काम केलं होतं, म्हणजे आडवाटेची ओढ आधीपासूनची. प्रबंध १९४३ मध्ये पुस्तकरूपाने आला, प्रस्तावना ताहा हुसैन यांची. आणि हा विषय किती नाजूक आहे ते पुढेही दिसलं. १९८५ मध्ये कैरोत याच अल्फ लैलाची न गाळलेली आवृत्ती अश्लील म्हणून जप्त झाली होती.

अजून एक. तिचं पहिलं पुस्तक १९३५ चं, 'अहादीस जद्दती', म्हणजे 'माझ्या आजीच्या गोष्टी'. आजी नातीला आपल्या काळातलं इजिप्त सांगते, अशी रचना. तिने आधी आजीला बोलतं केलं आणि मग शहरजादला विद्यापीठात आणलं. मला हा क्रम फार मोलाचा वाटतो. 'अहादीस' हा शब्दही बघा. एकवचन हदीस. साधा अर्थ बोलणं, सांगणं, पण ऐकणाऱ्याच्या कानात पैगंबरांच्या वचनांचा भारदस्तपणा येतोच. आजीच्या बोलण्याला तिने तो शब्द दिला.

पन्हाळा
निशा, वाचनखूण साठवली. शहरजादने हजार रात्री राजाला जागं ठेवलं, या धाग्याने आज मला ठेवलंय. उद्या सकाळी सातची शिफ्ट आहे, पण चौकसचा प्रतिसाद आल्याशिवाय झोपत नाही.

सुलभा_नागपूर
टोपणनावांबद्दल कुणी लिहिलं नाही अजून. आयशा अब्द अर-रहमान, 'बिन्त अश-शाती' म्हणजे 'किनाऱ्याची लेक'. दमिएत्ता गावची, जन्म १९१३, वडील कैरोच्या अल-अझहर या धर्मविद्यापीठाच्या परंपरेतले पंडित. मुलीचं नाव छापून आलेलं त्यांना चाललं नसतं म्हणून हे नाव घेतलं. नंतर अबुल अला अल-मअर्री या जुन्या अरबी कवीवर डॉक्टरेट, आणि कुराणाच्या साहित्यिक अभ्यासात एवढं मोठं काम की १९९४ मध्ये किंग फैसल पुरस्कार मिळाला. 'अल-अहराम' या दैनिकात वर्षानुवर्षं लिहीत. आपल्याकडे 'कळ्यांचे निःश्वास' १९३३ मध्ये आलं तेव्हा विभावरी शिरूरकर कोण म्हणून महाराष्ट्र शोधत होता, आणि मालतीबाई बेडेकर मुकाट बसल्या होत्या. साधारण तीच वर्षं!

चौकस
उशीर झाला. जेवून बसलोय आता.

वेदवती, तुझ्या प्रश्नातच एक खोच आहे. सुहैरबाईंचे पती याह्या अल-खश्शाब हेही विद्यापीठातले, फारसीचे विद्वान. नासिर खुस्रो या जुन्या फारसी कवीचं 'सफरनामा' हे प्रवासवर्णन त्यांनी अरबीत आणलं. ताहा हुसैन स्वतः १९५० मध्ये शिक्षणमंत्री झाले, आणि शिक्षण हे पाण्यासारखं, हवेसारखं सगळ्यांचं असा नारा त्यांनी दिला. मंत्री झाल्यामुळे ताहा हुसैनांचा अभ्यास बुडाला का, असा धागा मी आजवर कुठे पाहिला नाही. पुरुष पदावर गेला की ती त्याच्या विद्वत्तेची पावती, बाई गेली की अभ्यास वाया. तुझ्यावर रागावून नाही म्हणत. हे आपल्या सगळ्यांच्या डोक्यात इतकं मुरलंय की स्वतःबद्दल विचारतानाही आपण तसंच विचारतो.

दुसरं, बायकांच्या सार्वजनिक आयुष्याची नोंद कोण ठेवतं? झैनब फव्वाझ नावाची दक्षिण लेबनॉनमधून इजिप्तमध्ये आलेली लेखिका. तिने १८९० च्या दशकात जगभरच्या साडेचारशेच्या आसपास स्त्रियांच्या चरित्रांचा मोठा कोश अरबीत लिहून बुलाकला छापला. तेव्हा तिला कुणी प्राध्यापक म्हणत नव्हतं. तिचं महत्त्व पुढे जगापुढे मांडलं मेरिलिन बूथ यांनी, ज्या ऑक्सफर्डला शिकवत. अरबी मासिकांमधून छापून येणारी बायकांची चरित्रं हा त्यांच्या आयुष्यभराच्या अभ्यासाचा विषय. मुसाफिर, तुमच्या ओमानच्या जोखा अल-हारसींच्या ज्या कादंबरीला २०१९ चं आंतरराष्ट्रीय बुकर मिळालं, तिचा इंग्रजी अनुवादही बूथ यांचाच. आणि जोखाबाईंचीही डॉक्टरेट आहे अरबी कवितेत, एडिंबरोची. आपल्याकडे काशीबाई कानिटकरांनी आनंदीबाई जोश्यांचं चरित्र लिहिलं ते १८८९ मध्ये. झैनब आणि काशीबाई एकमेकींना ठाऊक नव्हत्या, पण काम एकच करत होत्या.

मुसाफिर
चौकस, जोखाबाई इथे सुलतान काबूस विद्यापीठात शिकवतात. माझ्या शेजारच्या ओमानी कुटुंबातली मुलगी त्यांच्या विभागात शिकली. तिच्या आईने मला ते पुस्तक अरबीत भेट दिलं. वाचता येत नाही अजून, कपाटात दर्शनी ठेवलंय. बुकरच्या वेळी त्या माउलीच्या चेहऱ्यावर जे होतं, ते आपल्याकडे मुलगी पहिली आल्यावर असतं ते.

टिपकागद
ताहा हुसैनांचा मुद्दा मान्य. पण माझी बाजू पुरी करतो, मग गप्प बसतो.

लतीफा अझ-झय्यात. ऐन शम्स विद्यापीठात इंग्रजी साहित्याच्या प्राध्यापक, १९६० मध्ये 'अल-बाब अल-मफ्तूह' म्हणजे 'उघडं दार' ही कादंबरी. विद्यार्थी चळवळीतल्या असल्यापासून तुरुंग पाहिलेल्या. १९७९ मध्ये इस्रायलशी तह झाल्यावर त्यांनी राष्ट्रीय संस्कृतीच्या रक्षणासाठी लेखक-कलावंतांची समिती उभी केली. सप्टेंबर १९८१ मध्ये राष्ट्राध्यक्ष सादातने दीड हजारांहून जास्त विरोधक उचलले, त्यात लतीफाबाई होत्या, डॉक्टर-लेखिका नवाल अस-सादावी होत्या. नवालबाईंनी तुरुंगात भुवया कोरायच्या पेन्सिलीने संडासच्या कागदावर लिहिलं. त्यांना कागद द्यायला बंदी होती.

त्या सप्टेंबरमध्ये सुहैरबाई संसदेत होत्या. मी त्यांना दोष देत नाही, सत्तरीच्या होत्या. पण ज्या बाईने पुस्तकांचा मेळा उभा केला तिच्याच पिढीच्या आसपासच्या लेखिका कागदावाचून कोठडीत बसल्या होत्या, हे वाचून मला झोप लागली नव्हती. विद्यार्थी असताना वाचलं होतं, अजून तसंच आठवतं.

निशा_वाचतेय
टिपकागद, गप्प नका बसू. हे इथे असायलाच हवं होतं.

फक्त एक जोडते. लतीफाबाईंची कादंबरी इजिप्तमधल्या ज्या हजारो मुलींनी वाचली, त्या मुली विद्यापीठात पोचल्या त्या सुहैरच्या पिढीने बाक अडवून धरले म्हणून. त्यांचे मार्ग वेगळे होते, एकमेकींशी पटलंही नसेल. पण मला दोघींपैकी एक निवडायला लावू नका.

गोदाकाठ
निशाला अनुमोदन. आणि मय झियादांचं नाव राहून जाऊ नये. कैरोत दर मंगळवारी घरी साहित्याची बैठक भरवणाऱ्या मय. ताहा हुसैनसारखे लोक तिथे येऊन बसत. त्यांनी मलक हिफ्नी नासिफवर पुस्तक लिहिलं, एका लेखिकेने समकालीन लेखिकेवर. आईवडील गेल्यावर नातेवाइकांनी वेडी ठरवून लेबनॉनमधल्या इस्पितळात टाकलं. सुटका झाली, पण १९४१ मध्ये गेल्या. त्याच साली सुहैरना डॉक्टरेट मिळाली. घरातल्या बैठकीपासून विद्यापीठातल्या खुर्चीपर्यंतचं अंतर किती आणि ते कुणी कशाने मोजलं, हे मला या दोन घटना एका वर्षात पाहिल्या की कळतं.

अक्का_मिरजकर
आता कॉलेजबद्दल. वेदवती, ऐक.

माझी मधली बहीण, माळ्यावर वाचून दाखवणारी, पुढे मुख्याध्यापिका झाली. तिला संस्कृतमध्ये पीएच.डी. करायची होती. सुभाषितांच्या वह्या भरल्या होत्या, अजून आहेत माझ्याकडे. झाली नाही ती. हजेऱ्या, अनुदान, खिचडीचे हिशेब, गळकं छप्पर. निवृत्त झाली तेव्हा म्हणाली, "अक्का, वह्या राहिल्या ग." हे तुला सांगायलाच हवं. नुकसान होतं. ते होत नाही असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस.

पण तिने शाळेत एक केलं. शनिवारी शेवटचा तास गोष्टीचा. शिपाईमामांपासून सगळे बसायचे. बत्तीस वर्षं एक शनिवार चुकला नाही. ती गेली तेव्हा दारात उभ्या असलेल्या बायका एकमेकींना त्याच गोष्टी सांगत होत्या.

तुझे ते सहकारी म्हणाले ना, बाई असली की कॉलेज नीट राहतं? त्यांना सांग, नीट ठेवायला झाडूवाले आहेत, मी आले तर दुसरं काही करायला येईन. काय, ते तू ठरव.

पन्हाळा
अक्का… _/\_

चौकस
अक्कांच्या प्रतिसादानंतर काही लिहावंसं वाटत नाही. बहिणीच्या वह्या जपून ठेवा अक्का. इथे कुणी संस्कृतवालं असेल तर त्या स्कॅन करून बघता येतील.

सुलभा_नागपूर
मी आहे. अक्का, व्यनि (व्यक्तिगत निरोप) करते.

वेदवती
चार दिवस लिहिलं नाही, पण रोज वाचत होते.

चौकसदादा, खोच बरोबर शोधलीत. मी 'अभ्यासाचं काय झालं' असं विचारलं ते सुहैरबद्दल नव्हतंच. टिपकागद, तुमच्यामुळे पुन्हा आकडे लावून बसले. १९४३ चं पुस्तक आणि १९६९ चा मेळा यांत सव्वीस वर्षं आहेत, आणि त्यातली बहुतेक तिने शिकवण्यात घालवली. म्हणजे मी मधली वर्षं मोजलीच नव्हती. शिकवणं मला मोजण्याजोगं वाटलं नव्हतं, आणि मी स्वतः अठरा वर्षं शिकवतेय! हे लक्षात आलं तेव्हा फार वाईट वाटलं.

काल संस्थेत जाऊन आले. पद एका वर्षासाठी घेते म्हटलं, दोन अटींवर. गुरुवार पूर्ण माझा, त्या दिवशी मी गावांत जाऊन गाणी ध्वनिमुद्रित करणार. आणि ग्रंथालय संध्याकाळी सातपर्यंत उघडं, गावातल्या बायकांनाही. पहिली अट ऐकून दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. दुसरीवर "खर्च कोण करणार" झालं. उत्तर सोमवारी कळेल. नाही म्हणाले तर मीही नाही म्हणेन, एवढं ठरवून आलेय.

टिपकागद
वेदवती, अटी लेखी घ्या. तोंडी होकाराचा काही उपयोग होत नाही.

वेदवती
घेतल्यात लिहून. पोच घेऊन आले.

मुसाफिर
ग्रंथालयासाठी पुस्तकं हवी असतील तर सांगा. एप्रिलमध्ये येतोय, वीस किलो सामान माझं रिकामंच असतं.

रानजाई
नवीन सभासद आहे, कालपासून सगळा धागा वाचला. गौरी देशपांडे यांचे खंड विकत कुठे मिळतील? आमच्या गावच्या वाचनालयात फक्त तिसरा आणि अकरावा आहे.

अक्का_मिरजकर
रानजाई, माझ्याकडे पहिला आणि दुसरा दोन-दोन प्रती आहेत. पत्ता व्यनित पाठव, पोस्टाने धाडते. आणि तिसरा वाचून झाला की चौथ्यासाठी इथेच विचार.